माळव्यातील पांढरी फुले

रतलामहून चितोडगडाकडे जाणारी आगगाडी जावरा स्टेशन मागे टाकून मंदसौरच्या दिशेने धावू लागली म्हणजे खिडकीबाहेरील देखावा हळूहळू पालटू लागतो. काळ्याभोर जमिनीत गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे ताटवे, लसणाचे हिरवेगार वाफे आणि मधूनच धण्याचा सुगंध. फेब्रुवारी महिना असेल तर या हिरव्या पसाऱ्यात एखादा लहानसा चौकोनी तुकडा पांढऱ्याशुभ्र फुलांनी डवरलेला दिसतो. फुले कमरेएवढ्या उंचीवर, पाकळ्या रेशमासारख्या तलम, वाऱ्याची झुळूक आली की सारे शेत एकदम मान डोलावते. दुरून पाहणाऱ्यास वाटावे की कोणी हौशी मनुष्याने वेदीवर वाहण्यासाठी ही बाग लावली आहे. परंतु जवळ जाऊन पाहावे तर त्या चिमुकल्या तुकड्याभोवती काटेरी कुंपण, वरून पसरलेले जाळे आणि कोपऱ्यात राखणदाराची खाट. गव्हाच्या दहा एकरांना जी राखण नाही ती या दहा गुंठ्यांना आहे. कारण ही अफूची शेती होय.

गोव्याहून इंदूरला काही कौटुंबिक कामानिमित्त आम्ही गेलो होतो. तेथील एक वृद्ध मराठी मास्तर, ज्यांचे वाडवडील चार पिढ्यांपूर्वी कोकणातून तिकडे जाऊन स्थायिक झाले, त्यांनी आग्रह धरला की इतक्या लांब आला आहात तर मंदसौर-नीमच पाहिल्यावाचून परतू नका. मंदसौरला शिवना नदीच्या काठी पशुपतिनाथाचे प्रसिद्ध देवालय आहे. जवळच सोंदणी येथे राजा यशोधर्म्याचे विजयस्तंभ आहेत. नीमच तर जुनी लष्करी छावणी. आजचे केंद्रीय राखीव पोलीस दल 1939 साली तेथेच जन्मास आले. हे सर्व पाहण्याजोगे खरेच, आणि आम्ही ते पाहिलेही. पण मन गुंतले ते त्या पांढऱ्या फुलांत.

मास्तरांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे आम्ही उतरलो. मास्तर त्यांना 'पटेल' म्हणत, ते मास्तरांना 'मास्टरसाब', आणि आम्हांस 'बाबूजी'. चहापाणी झाल्यावर पटेल आम्हांस शेतावर घेऊन गेले. पाकळ्या गळून पडलेल्या भागात अंड्याएवढी हिरवी बोंडे उभी होती. दुपार कलू लागली तशी घरातील माणसे हातात एक लहानसे हत्यार घेऊन शेतात उतरली. त्याला तीनचार बारीक पाती एकत्र बांधलेली असतात. प्रत्येक बोंडावर वरून खाली हलक्या हाताने चिरा ओढावयाचा. फार खोल गेला तर चीक बोंडाच्या आत जाऊन वाया जातो, फार वरवर गेला तर बाहेर येत नाही. चिरा पडताच पांढरे दुधासारखे थेंब फुटतात. रात्रभर ते तसेच राहू द्यावयाचे. हवेने ते गुलाबी, मग तपकिरी होतात. दुसऱ्या दिवशी उन्हे वर येण्यापूर्वी लोखंडाच्या बोथट पातीने ते खरवडून भांड्यात जमा करावयाचे. एकाच बोंडाला दोनतीन दिवसांच्या अंतराने चारपाच वेळा चिरा देता येतो. पहिला चिरा मारण्यापूर्वी या भागातील शेतकरी देवीची पूजा करतात. ते या चिकाला 'काळे सोने' म्हणतात.

पटेलांची सून, जिला मास्तर 'बहू' म्हणून हाक मारीत, ती हे काम इतक्या सफाईने करीत होती की आम्हांस आमच्याकडील माडावरील रेंदेराची आठवण झाली. तोही पोय अशीच हळुवारपणे कापतो, आणि त्याच्याही मडक्यात जमणारा रस संध्याकाळी कोणाचे काय करील हे त्याला माहीत नसते.

संध्याकाळी पोपटांचे थवे आले. जाळे नसते तर त्यांनी बोंडे चोचीत धरून पळ काढला असता. पटेल हसून म्हणाले, "बाबूजी, या पाखरांनाही चटक लागते. एकदा चव घेतलेले पोपट दुसऱ्या शेताकडे बघत नाहीत."

या दहा गुंठ्यांचा हिशेब फार काटेकोर आहे. कोणी किती जमिनीत अफू पेरावी याचा परवाना सरकार दरसाल देते. त्यास येथे 'पट्टा' म्हणतात. अंमलदार येऊन जमीन मोजतात. रोज खरवडलेला चीक गावच्या मुखियापुढे तोलून वहीत लिहावा लागतो. एप्रिलच्या सुमारास ठरलेल्या केंद्रावर सर्व चीक सरकारलाच द्यावयाचा. इतर कोणाला एक तोळा विकला तरी तुरुंग. देशभर या सर्व व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्य कार्यालय ग्वाल्हेरला आहे. ग्वाल्हेरच्या आमच्या किती वाचकांनी त्या इमारतीवरून जाताना या शेतांचा विचार केला असेल कोण जाणे. चिकात मॉर्फीनचे प्रमाण ठरावीक मर्यादेपेक्षा कमी भरले तर पुढील वर्षी पट्टा हातचा जातो, नाही तर केवळ बोंडे देण्याचा दुय्यम पट्टा मिळतो. 2021-22 च्या पिकापासून सरकारने बऱ्याच शेतकऱ्यांना असे पट्टे दिले आहेत, ज्यात चिरा मारावयाचाच नाही. वाळलेली बोंडे जशीच्या तशी सरकारला द्यावयाची व यंत्राने त्यातून औषध काढावयाचे. चीकच नाही, तर चोरी कशाची? योजना शहाणपणाची आहे. पण पटेलांना ती रुचत नाही. या मुलखात पट्टा म्हणजे नुसते उत्पन्न नव्हे, घराण्याची प्रतिष्ठा आहे. मुलीच्या लग्नाची बोलणी करताना मुलाकडे पट्टा आहे काय हे विचारतात, असे त्यांनी सांगितले.

दहा गुंठ्यांत पिकून पिकून चीक सहा-सात किलो. सरकारी भाव ठरलेला. आणि चोरट्या बाजारातील भाव त्याच्या कित्येक पटींनी मोठा. तराजूच्या या दोन पारड्यांमध्ये दरवर्षी हजारो घरांची सचोटी तोलली जाते. काही घरे घसरतात. आम्हांस नवल वाटले ते त्याचे नव्हे. बहुतेक घरे घसरत नाहीत, याचे.

येथे थोडे मागे वळून पाहिले पाहिजे, कारण ही शेते काल-परवाची नव्हेत, आणि त्यांच्या इतिहासात आपलाही वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-बिहारातील अफूचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुठीत ठेवला होता. माळवा हा मात्र शिंदे-होळकरांचा मुलूख. तेथील माल कंपनीच्या हाती लागेना. तो उंटांच्या पाठीवरून राजपुतान्यातील पालीस, तेथून सिंधमध्ये कराचीस आणि तेथून समुद्रमार्गे पोर्तुगिजांच्या दमण बंदरात जाई. दमणहून थेट चीनला. रोखता येत नाही म्हटल्यावर कंपनीने युक्ती केली. माळव्याचा माल मुंबईमार्गे जाऊ द्यावयाचा, पण दर पेटीमागे पासाचे शुल्क घ्यावयाचे. 1843 साली इंग्रजांनी सिंध जिंकला, आडवाट बंद झाली, आणि शुल्क भराभर वाढत 1847 साली दर पेटीस 400 रुपयांवर गेले.

या व्यापारात कोण नव्हते? सर जमशेटजी जिजीभाई होते, ज्यांच्या देणगीतून मुंबईचे प्रख्यात जे. जे. रुग्णालय 1845 साली उभे राहिले. गुजराती व मारवाडी सावकार होते. आणि मुंबईत पेढी असलेले, दमणमार्गे माल चीनला धाडणारे एक बडे गोमंतकीय ख्रिस्ती व्यापारीही होते, रोजेरियो दि फारिया. या गृहस्थांविषयी आपल्या लोकांत अभिमानाने बोलले जाते. बोलावे, पण त्यांच्या गलबतांत काय भरलेले असे तेही सांगावे. ते ज्या देशात उतरत असे तेथे 1839 साली चिनी अधिकारी लिन त्सेशू यांनी 20,000 हून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या, आणि त्याबद्दल इंग्लंडने चीनवर युद्ध लादले. घरोघरी धूर ओढणारे कर्ते पुरुष, विकली गेलेली शेते, उपाशी मुले, हे चीनचे चित्र मुंबईच्या हवेल्यांतून दिसत नव्हते.

हे चित्र पाहणारी एक मराठी ख्रिस्ती स्त्री मात्र होऊन गेली. पुण्याच्या सुंदराबाई पवार. त्या प्रॉटेस्टंट पंथाच्या होत्या. परंतु त्यामुळे आपण त्यांस विसरावे असे नाही. स्त्रियांनी सभेत तोंड उघडणे जेथे वावगे समजले जाई त्या काळात त्या इंग्लंडात गेल्या आणि गावोगावच्या सभांतून अफूच्या व्यापाराविरुद्ध बोलल्या. 1893 साली ब्रिटिश सरकारने अफूविषयी एक राजकीय आयोग नेमला. दोन वर्षांनी त्याचा अहवाल आला, आणि निष्कर्ष काय, तर हिंदुस्थानात अफूने म्हणण्यासारखे नुकसान होत नाही! तिजोरीला जे गोड लागते ते आयोगांना कडू लागत नाही. अखेर 1907 साली चीनशी करार होऊन तो व्यापार टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला.

आपल्या घरांतही अफू होतीच. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना 'बाळगोळी' देऊन निजवून जात. त्या गोळीत अफू असे. मारवाड-मेवाडात पाहुण्याच्या स्वागताला, लग्नात आणि मर्तिकालाही तळहातावरून अफूचे पाणी देण्याची चाल होती, आणि काही ठिकाणी अजून आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारने औषधाव्यतिरिक्त अफूचा वापर हळूहळू संपविण्याचे ठरविले. 1985 साली अमली पदार्थांविषयीचा नवा कडक कायदा आला. चीक काढून घेतलेल्या बोंडांची टरफले, ज्यांस 'डोडाचुरा' म्हणतात, त्यांची परवानाधारक दुकाने राजस्थानात दीर्घकाळ चालू होती. 2016 साली तीही बंद झाली.

मग व्यसन संपले काय? पटेलांच्या शेजारच्या घरात आम्हांस याचे उत्तर मिळाले. त्या घरातील आजोबा चाळीस वर्षे सकाळी वाटाण्याएवढी अफू घेत आले होते. शेतावर जात, नातवंडांना खेळवीत. व्यसन ते व्यसनच, त्याची आम्ही तरफदारी करीत नाही. पण त्यांचा चोवीस वर्षांचा नातू अफूला हातही लावीत नव्हता. तो ओढीत होता महामार्गावरच्या धाब्यामागे पुडीतून मिळणारी तपकिरी पूड, म्हणजे अफूपासूनच बनविलेले हेरॉइन. आजोबांच्या वाटाण्याने जे चाळीस वर्षांत केले नव्हते ते पुडीने दीड वर्षात केले होते. घरातील पितळेची भांडी गेली होती, आईच्या पायांतील चांदीचे वाळे गेले होते. ती माउली आमच्याशी बोलताना पदर तोंडाला लावून भिंतीकडे पाहत होती.

हे एका घराचे दुर्दैव नव्हे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात अफू, हेरॉइन व तत्सम गोळ्या-औषधे घेणारे सुमारे सव्वादोन कोटी लोक आहेत. पैकी सुमारे 77 लाखांना उपचारांची गरज आहे. आणि त्यात साध्या अफूपेक्षा हेरॉइन घेणारे दुपटीहून अधिक आहेत. कच्चा माल महाग व दुर्मीळ झाला की व्यापारी त्याचा अर्क विकू लागतो, कारण तो थोड्या जागेत लपतो. कायद्याने दार लावले. विष खिडकीतून अधिक तीव्र होऊन आले. (त्याच पाहणीत दारू पिणारे सुमारे 16 कोटी भरले, हे आपल्यापैकी ज्यांना अफूचे नाव काढताच कानांवर हात ठेवण्याची सवय आहे त्यांनी ध्यानात घ्यावे.)

आम्ही त्या मुलाच्या वडिलांना विचारले, "दादा, याला दवाखान्यात का नेत नाही?" ते म्हणाले, "नेले तर नाव लिहितील. नाव लिहिले की पोलीस येतील. पोलीस आले की पट्टा जाईल." या भीतीला काय म्हणावे? मास्तरांनी त्यांना शांतपणे समजावले की त्याच 1985 च्या कायद्यात एक कलम आहे, 64-अ. जो व्यसनी स्वतः होऊन सरकारमान्य उपचार केंद्रात दाखल होतो व उपचार पुरे करतो, त्याला व्यसनापायी, किंवा जवळ सापडलेल्या किरकोळ मालापायी, खटल्यातून सूट मिळू शकते. सरकारी केंद्रांत जिभेखाली ठेवण्याची एक गोळीही मिळते, तिने तडफड थांबते व मनुष्य कामावर परततो. ही गोळी म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरे, असे म्हणणारे आहेत. आम्हांस ते पटत नाही. मधुमेही मनुष्य रोज औषध घेतो म्हणून त्याला कोणी औषधबाज म्हणत नाही. वडिलांनी सर्व ऐकून घेतले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी त्यांनी मास्तरांना एवढेच विचारले, "मास्टरसाब, तुम्ही बरोबर याल?" मास्तर पुढच्या सोमवारी गेले, असे त्यांच्या पत्रावरून आम्हांस कळले.

नीमचला सरकारी अफू व अल्कलॉइड कारखाना आहे. असाच दुसरा, त्याहून जुना, 1820 सालचा, गाजीपूरला. आत जाण्यास अर्थातच मनाई. भिंत उंच, पहारा कडक, आणि हवेत एक उग्र, ओलसर वास. ज्या पटेलांच्या सुनेने हलक्या हाताने चिरा मारला तिचा चीक याच भिंतीआड येतो. औषधासाठी कायदेशीर रीतीने अफूचा चीक काढून तो जगाला निर्यात करणारा आज भारत हा एकच देश आहे. याच चिकातून मॉर्फीन निघते. 1805 च्या सुमारास सेर्टुर्नर नावाच्या एका तरुण जर्मन औषधविक्याने ते प्रथम वेगळे काढले व ग्रीक पुराणातील स्वप्नदेवतेचे नाव त्यास दिले. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील वेदनेवर याहून स्वस्त व खात्रीचे औषध अद्याप सापडलेले नाही.

आणि येथेच आम्हांस या प्रवासातील सर्वांत कडू गोष्ट सांगावयाची आहे. ज्या देशाच्या शेतांतून हे औषध जगभर जाते त्याच देशातील मरणोन्मुख रोग्यांना ते मिळत नव्हते. 1985 चा कायदा चोरांसाठी केला होता. तो दवाखान्यांनाही लागू झाला. मॉर्फीन ठेवावयाचे तर वेगवेगळ्या खात्यांचे चारपाच परवाने हवेत, आणि ते सारे एकाच वेळी चालू असावेत. एकाची मुदत संपली की बाकीचे निरुपयोगी. कारकुनी चुकीलाही कठोर शिक्षेची धास्ती. औषधविक्यांनी ते ठेवणेच सोडले. देशातील मॉर्फीनचा वापर 1985 साली सुमारे 600 किलो होता तो 1997 साली सुमारे 18 किलोंवर आला. या बारा वर्षांत देशातील कर्करोग कमी झाला नव्हता. किती माणसे दातांखाली चादर धरून गेली असतील त्याची कोठे नोंद नाही.

हे पालटण्यासाठी ज्यांनी जन्म वेचला त्यांत केरळचे डॉक्टर एम. आर. राजगोपाल अग्रगण्य होत. 1993 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोझिकोडला वेदनाशामक उपचारांचे केंद्र काढले. गावोगावच्या स्वयंसेवकांनी ते काम घरोघर नेले. वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर 2014 साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फीनसह सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरली, त्यांचे नियम देशभर एकसारखे झाले आणि अनेक परवान्यांच्या जागी एकच मान्यता पुरेशी झाली. मुंबईत वांद्र्याला डॉक्टर एल. जे. डिसोझा यांनी 1986 साली सुरू केलेले शांती आवेदना सदन हे तर देशातील अशा प्रकारचे पहिले शुश्रूषालय. गोव्यात लोटली येथे त्याची शाखा आहे.

अतिरेक दुसऱ्या बाजूनेही होतो, हे सांगितले पाहिजे. अमेरिकेत 1996 पासून एका औषध कंपनीने अशाच जातीची गोळी 'व्यसन लागत नाही' असे भासवून पाठदुखीला, गुडघेदुखीला सर्रास खपविली. त्या लाटेतून पुढे हेरॉइन व फेंटानिल आले आणि 2021 साली त्या देशात अमली द्रव्यांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसे मेली. म्हणून परवाना हवा, वही हवी, मोजणी हवी. पटेलांच्या गावचा मुखिया रोज संध्याकाळी तराजू घेऊन बसतो ते उगाच नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की तराजूने चोर पकडावा. रोग्याच्या तोंडचा थेंब काढून घेऊ नये.

कायदा सुधारला तरी एक अडसर राहतोच, तो आपल्या मनांतील. गोव्यातील एका खेड्यात, आमच्या नात्यातील एका घरी, म्हातारीला जबड्याचा कर्करोग झाला होता. डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या. थोरल्या मुलाने त्या आणून कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावले. "आईला मरताना अफूबाज करू काय?" असे त्याचे म्हणणे. धाकट्याचे म्हणणे निराळे होते. प्रभूने क्रुसावर चढण्यापूर्वी बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला, मग आईनेही दुःख अर्पण करावे. आई मात्र काहीच म्हणू शकत नव्हती. तिला जबडा हलविता येत नव्हता. रात्री तिचे कण्हणे शेजारच्या तीन घरांना ऐकू जाई.

गावात येणाऱ्या सिस्टरांनी दोघा भावांना समोर बसविले. धाकट्याला त्यांनी सांगितले की ही शंका तुझ्या आधी पुष्कळांना आली होती. 24 फेब्रुवारी 1957 रोजी परमगुरू पोप बारावे पायस यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तर देताना स्पष्ट सांगितले आहे की ख्रिस्ती मनुष्यावर वेदना सोसण्याची सक्ती नाही. दुसरा उपाय नसेल, आणि रोग्याची धार्मिक व इतर कर्तव्ये अडत नसतील, तर अशी औषधे देणे योग्य आहे. त्यामुळे आयुष्य थोडे घटण्याचा संभव असला तरीही. दुःख अर्पण करावयाचे तर ते ज्याचे त्याने स्वेच्छेने करावे. आईचे दुःख मुलाने अर्पण करावयाचे नसते. थोरल्याला त्यांनी सांगितले की शरीराला औषधाची सवय होणे वेगळे आणि मन त्याच्या मागे धावणे वेगळे. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून औषध घेणारा मरणोन्मुख रोगी व्यसनी होणे फार विरळा. मग त्यांनी एक शाळेची वही मागून घेतली. दर चार तासांनी एक गोळी, चुरून पाण्यातून. रात्री निजताना दोन, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागू नये. पोट साफ राहण्याचे औषध न चुकता. प्रत्येक वेळी वेळ व गोळीचा आकडा वहीत लिहावा.

थोरल्याने कुलूप काढले. तिसऱ्या दिवशी म्हातारी उशीला टेकून बसली आणि पेज प्याली. चौथ्या दिवशी फादरांनी येऊन तिला कम्युनियन दिले. संध्याकाळच्या रोझरीला तिचे ओठ हलत. ती आणखी सात आठवडे जगली. त्या अवधीत तिने धाकट्या सुनेकडून जुन्या पेटीतले कपडे काढवून कोणाला काय द्यावयाचे ते हाताने खुणावून सांगितले. थोरल्या नातीच्या लग्नाचा प्रश्नही तिने मानेनेच निकालात काढला. वहीत एकूण 26 पाने भरली. अखेरच्या पानांवरील अक्षर थोरल्याचे आहे, कारण रात्रीचा पहारा त्याने स्वतःकडे घेतला होता. प्रेतयात्रेनंतर दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या, उरलेल्या अकरा गोळ्या त्यांनी सर्वांच्या देखत मोजल्या, आकडा वहीत लिहून थोरल्याची सही घेतली आणि गोळ्या परत नेल्या.